धावताना आलेली मूर्च्छा : शिक्षकाने काय पाहावे व काय करावे

शिक्षकबंधुभगिनींनी प्रथम दोन प्रसंग मनासमोर आणावेत. पहिला प्रसंग १५ ऑगस्टच्या सकाळचा. झेंडावंदन झाले आहे, पाहुण्यांचे भाषण लांबले आहे, ऊन चढत आहे. दूरच्या वस्तीवरून न्याहारी न करताच चालत आलेली इयत्ता सहावीतील एक मुलगी रांगेत उभी आहे. तिला जांभया येतात, कपाळावर घाम सुटतो, 'मला कसेतरी होते' असे ती शेजारणीला सांगते आणि गुडघ्यांत वाकून हळूहळू खाली बसते व आडवी होते. दुसरा प्रसंग केंद्रस्तरीय क्रीडास्पर्धांतील. सातवीतील एक चपळ मुलगा चारशे मीटरच्या शर्यतीत सर्वांच्या पुढे आहे. अंतिम रेषा तीस-चाळीस पावलांवर राहिली असता तो कशासही न अडखळता, हात पुढे न टेकता, तोंडावर आपटतो. अर्ध्याएक मिनिटाने उठून बसतो. ओठ फुटलेला असतो, आणि काय झाले हे त्यास सांगता येत नाही.

दोन्ही प्रसंगांस आपण एकच शब्द लावतो : चक्कर आली. दोघांच्याही तोंडावर पाणी मारतो, दोघांनाही लिंबू-साखरेचे पाणी देतो, आणि पुष्कळदा त्या मुलास दुपारच्या रिले शर्यतीसाठी पुन्हा उभे करतो, कारण त्याच्यावाचून आपल्या शाळेचा संघ पांगळा होतो. मुलीच्या बाबतीत झालेला उपचार बहुतांशी योग्यच होय. मुलाच्या बाबतीत मात्र आपण नकळत त्याचे प्राण पणास लावलेले असतात. या दोन मूर्च्छांतील भेद ओळखणे वैद्यकीय शिक्षणावाचूनही शक्य आहे. तो कसा ओळखावा, हे प्रस्तुत पाठात पाहावयाचे आहे.

प्रथम साधी मूर्च्छा घेऊ. वयाची अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वी सुमारे शंभरांतील पंधरा मुलांना ती एकदा तरी येते, असा अंदाज वैद्यकशास्त्रात दिला जातो. माणूस उभा राहिला की गुरुत्वाकर्षणाने रक्त पायांकडे उतरते. प्रौढ माणसात हे प्रमाण अर्धा ते पाऊण लिटर असते. चालताना पोटऱ्यांचे स्नायू दाबले जाऊन हे रक्त वर ढकलतात. परंतु निश्चल उभ्या असलेल्या मुलाच्या पोटऱ्या स्वस्थ असतात. त्यात उन्हाने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावलेल्या, पोट रिकामे व शरीरात पाणी कमी. अशा वेळी मज्जासंस्थेकडून एक चुकीची आज्ञा सुटते : हृदय मंदावते, रक्तवाहिन्या शिथिल होतात आणि रक्तदाब कोसळतो. मेंदूला सहा ते आठ सेकंद रक्त मिळाले नाही की शुद्ध जाते. मूल आडवे होताच रक्त आपोआप मेंदूकडे वळते आणि मूल जागे होते. म्हणजे ते पडणे हाच त्या मूर्च्छेवरील निसर्गाचा उपाय होय. म्हणूनच अशा मुलास दोघांनी बगलेत धरून उभे करणे, किंवा खुर्चीत ताठ बसविणे, ही चूक आहे. त्यास सपाट निजवावे, पाय थोडे उंच करावेत, भोवतीची गर्दी हटवावी आणि ते पूर्ण सावध होईपर्यंत तोंडात पाणी घालू नये. ते पाणी श्वासनलिकेत जाते. रक्त पाहून, लस टोचताना किंवा भीतीने येणारी भोवळही याच जातीची असते.

आता धावणाऱ्या मुलाकडे वळू. धावताना पायांचे स्नायू जोराने आकुंचन पावतात आणि प्रत्येक पावलास रक्त हृदयाकडे ढकलतात. हृदय दुपटी-तिपटीने काम करीत असते. अशा वेळी साध्या मूर्च्छेला वस्तुतः वावच नसतो. तरीही भर धावेत शुद्ध हरपते, तेव्हा हृदयातून रक्त बाहेर पडणेच अकस्मात् थांबले असावे, असा संशय घ्यावा लागतो. शर्यत संपवून मूल रेषेपलीकडे एकदम थांबले आणि थोड्या वेळाने उभ्या-उभ्या भोवळ येऊन बसले, तर त्याचा अर्थ निराळा असू शकतो. पोटऱ्यांचा दाब एकाएकी बंद पडला, रक्त पायांत साचले, एवढेच बहुधा तेथे घडलेले असते. यास्तव शर्यत संपताच मुलांना थांबू न देता थोडे चालावयास लावावे. या मुलाचीही चौकशी झालीच पाहिजे. परंतु रेषेच्या अलीकडे पडलेल्या मुलाचे प्रकरण त्याहून कितीतरी तातडीचे असते. मूल रेषेच्या अलीकडे पडले की पलीकडे, हे डॉक्टरला कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. ते मैदानावर शिट्टी घेऊन उभ्या असलेल्या शिक्षकालाच ठाऊक असते.

धडधाकट दिसणाऱ्या मुलाच्या हृदयात काय दडलेले असू शकते, याचे थोडे ज्ञान असावे. काहींचा हृदयस्नायू जन्मजात प्रवृत्तीने ठिकठिकाणी जाड होत जातो. अकस्मात् मृत्यू पावलेल्या तरुणांच्या हृदयांत आढळलेल्या या विकृतीचे वर्णन लंडनचे शवचिकित्सक डोनल्ड टीअर यांनी १९५८ साली प्रसिद्ध केले. पुढे अनेक देशांत झालेल्या पाहण्यांवरून ही विकृती सुमारे पाचशे माणसांत एकास असते, असे दिसून आले. यांपैकी बहुतेकांचे आयुष्य पुष्कळसे सुरळीत जाते, हेही लक्षात ठेवावे. थोड्यांच्या बाबतीत मात्र जोराच्या श्रमात हृदयाच्या ठोक्यांचा मेळ सुटतो. मग हृदय आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरते व रक्त पुढे जात नाही. दुसऱ्या काहींत हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिणीचा उगमच चुकीच्या जागी असतो आणि श्रमाच्या वेळी ती दबते. काहींत विषमज्वरासारख्या नव्हे, तर साध्या सर्दी-तापाच्या विषाणूने हृदयस्नायूला सूज आलेली असते. तापातून उठलेल्या मुलास लगेच स्पर्धेत न उतरविण्याचे हे एक कारण आहे. आपल्याकडे वारंवार घसा धरणे, मग सांधे सुजणे आणि त्यातून हृदयाच्या झडपा बिघडणे हा संधिवाताचा ज्वरही अद्याप दिसतो. पाच ते पंधरा हे त्याचे वय, म्हणजे नेमके आपल्याच शाळांतील मुलांचे वय होय.

या सर्वांहून फसवा प्रकार म्हणजे ज्यात हृदयाची रचना निर्दोष असते, परंतु ठोके चालविणाऱ्या विद्युत्-क्रियेत दोष असतो. १९५७ साली नॉर्वेतील आन्टोन येरवेल व फ्रेड लांगे-नील्सन या दोन डॉक्टरांनी एका कुटुंबाची हकीगत प्रसिद्ध केली. आईबाप निरोगी होते. सहा मुलांपैकी चार जन्मतः बहिरी होती, आणि त्या चौघांनाही बालपणापासून मूर्च्छा येत. त्यांपैकी तिघे चौथ्या, पाचव्या व नवव्या वर्षी एकाएकी मरण पावली. ईसीजी काढला असता प्रत्येक ठोक्यानंतर हृदय पुन्हा सज्ज होण्यास लागणारा काळ फार लांबलेला आढळला. हा विशिष्ट प्रकार आईबाप दोघांकडूनही दोष आल्यासच होतो. तेव्हा नात्यात विवाह होणाऱ्या घराण्यांत त्याचा संभव वाढतो. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल ज्या भागांत आहे, तेथील शिक्षकांनी जन्मतः बहिऱ्या मुलास मूर्च्छा येत असल्यास ती विशेष गंभीर मानावी. याच दोषाचा बहिरेपणाविना असणारा प्रकार अधिक आढळतो. त्यात आई किंवा बाप यांपैकी एकाकडून आलेला दोषही पुरेसा असतो. अशा काही मुलांना पोहताना मूर्च्छा येते, तर काहींना एकदम झालेल्या मोठ्या आवाजाने, मग तो शाळेच्या घंटेचा असो की फटाक्याचा. पट्टीचा पोहणारा मुलगा विहिरीत बुडून गेला, अशी घटना कुटुंबात घडलेली असेल, तर तिच्याकडे केवळ दैवदुर्विलास म्हणून पाहू नये. ती डॉक्टरांस सांगण्याजोगी गोष्ट आहे.

खेळाडूंच्या मूर्च्छेचा अर्थ लावताना तज्ज्ञांतही मतभेद होतात, हे एका प्रसिद्ध उदाहरणावरून दिसते. अमेरिकेतील बोस्टन सेल्टिक्स या बास्केटबॉल संघाचा कर्णधार रेजी लुईस २९ एप्रिल १९९३ रोजी सामन्याच्या आरंभीच्या भागात, अंगाला कोणाचा स्पर्श नसता, मैदानावर कोसळला. काही वेळाने तो उठला व त्याच सामन्यात पुन्हा खेळलाही. नंतर नामवंत हृदयरोगतज्ज्ञांच्या एका मंडळाने त्यास हृदयस्नायूचा गंभीर विकार असल्याचे सांगितले. तसे झाल्यास खेळ संपला, हे उघडच होते. तो दुसरीकडे गेला. तेथे ही मूर्च्छा साध्या जातीची, म्हणजे आपल्या झेंडावंदनातील मुलीसारखी आहे, असे मत त्यास मिळाले. २७ जुलै १९९३ रोजी, पहिल्या प्रसंगास तीन महिने होण्याच्या आतच, तो सराव करीत असता पुन्हा पडला व मरण पावला. त्याचे वय अवघे २७ वर्षांचे होते. शवचिकित्सेत हृदय वाढलेले व जागोजागी वणांनी भरलेले आढळले. त्याच्या आधी, डिसेंबर १९८९ मध्ये, हँक गॅदर्स हा महाविद्यालयीन खेळाडू सामन्यात मूर्च्छित झाला होता. ठोक्यांतील बिघाड सापडला, औषध सुरू झाले, खेळही सुरू राहिला, आणि ४ मार्च १९९० रोजी तो सामना चालू असता कोसळून मृत्यू पावला. दोघांनाही एक पूर्वसूचना मिळाली होती. ज्यांस पहिलीच मूर्च्छा प्राणघातक ठरते, त्यांच्याबाबत आपण फारसे काही करू शकत नाही. परंतु जे पहिल्या मूर्च्छेतून उठून बसले, त्यांच्याबाबत सर्व काही पुढच्या दोन-चार दिवसांत आपण कसे वागतो यावर अवलंबून राहते.

खेडेगावात या सूचनेचा अर्थ बहुधा दोन प्रकारे चुकतो. एक, मुलास 'बाहेरची बाधा' झाली म्हणून त्यास देवऋषीकडे नेतात. दोन, त्यास फेफरे आले असे ठरते. हृदय थांबल्याने मेंदूचे रक्त तुटले की हातपाय काही क्षण झटके देतात, डोळे फिरतात. पाहणारास ते फेफऱ्यासारखेच दिसते. मग कोणी कांदा हुंगवतो, कोणी चप्पल नाकाशी धरतो, कोणी मुठीत लोखंडी किल्ली कोंबतो, आणि मोलाची मिनिटे निघून जातात. फेफऱ्याचा झटका सामान्यतः अधिक वेळ टिकतो. जीभ बहुधा कडेला चावली जाते व शुद्धीवर आल्यावरही मूल बराच वेळ गोंधळलेले राहते. हृदयाच्या मूर्च्छेतून उठलेले मूल पुष्कळदा लगेच भानावर येते. पण हा भेद आपण मैदानावर ठामपणे करू नये. धावताना किंवा पोहताना झटके आले, तर फेफऱ्याची औषधे चालू असलेल्या मुलाचाही एकदा ईसीजी काढलेला असावा, एवढा आग्रह धरावा. मुलीच्या बाबतीत आईबाप ही गोष्ट झाकू पाहतात. उद्या लग्न जमताना अडचण येईल, ही त्यांची भीती खोटी नसते. त्यांच्याशी चारचौघांत नव्हे, तर घरी जाऊन, शांतपणे बोलावे. 'मुलीला रोग आहे' असे न म्हणता 'एकदा हृदयाची तपासणी करून घेऊ, म्हणजे तिला निर्धास्त खेळता येईल' असे म्हटल्यास पुष्कळ काम होते.

शिक्षकाचे खरे कार्य टिपण लिहिण्याचे आहे. मूल उठून हसू लागले की आपण सारे विसरतो. दोन दिवसांनी डॉक्टर विचारतात तेव्हा आठवते ते एवढेच की चक्कर आली होती. यासाठी त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासात, हजेरीपत्रकाच्या मागील कोऱ्या पानावर का होईना, पुढीलप्रमाणे लिहावे :

'सकाळी ११ वाजता चारशे मीटर शर्यतीत अंदाजे साडेतीनशे मीटर धावल्यावर, अंतिम रेषेपूर्वी पडला. पडण्यापूर्वी अडखळला नाही, काही बोलला नाही. हात टेकले नाहीत, ओठास जखम. चेहरा पांढराफटक. हातांस दोन-तीन झटके. सुमारे अर्ध्या मिनिटाने शुद्धीवर आला, स्वतःचे नाव लगेच सांगितले. छाती धडधडत होती असे म्हणतो. सकाळी भाकरी खाल्ली होती. यापूर्वी दिवाळीत विहिरीवर पोहताना एकदा असेच झाल्याचे मित्र सांगतो. वडिलांचे धाकटे भाऊ तिसाव्या वर्षी शेतात काम करताना एकाएकी वारले.'

या टिपणातील शेवटची दोन वाक्ये मुलास व पालकांस मुद्दाम विचारल्यावाचून मिळत नाहीत. घराण्यात चाळिशीच्या आत कोणी कारणावाचून एकाएकी गेले काय, धाप किंवा छातीत दुखणे खेळतानाच होते काय, हे प्रश्न विचारण्यास पैसा लागत नाही. इटलीत १९८२ च्या कायद्याने स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूची ईसीजीसह तपासणी सक्तीची झाली. तेथील व्हेनेतो प्रांतात १९७९-८० साली तरुण खेळाडूंतील अकस्मात् हृदयमृत्यूंचे प्रमाण दरवर्षी लाखात ३.६ होते, ते २००३-०४ साली ०.४ वर आले. सर्वांचाच ईसीजी काढावा की नाही, याविषयी इतर देशांतील तज्ज्ञांचे एकमत नाही, आणि आपल्याकडे प्रत्येक मुलासाठी तशी सोय होणे आज शक्यही दिसत नाही. पण श्रमात मूर्च्छा आलेल्या मुलाचा ईसीजी हा वादाचा विषयच नव्हे. त्यासाठी मुलास ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात पाठवावे, आणि सोबत टिपणाची प्रत द्यावी. एक ईसीजी निर्दोष आला म्हणजे सर्व काही निर्दोष ठरत नाही. टिपण वाचून डॉक्टर पुढील तपासण्या ठरवितात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली पालघर येथून झाला. त्या कार्यक्रमाचे पथक तपासणीसाठी शाळेत येते, तेव्हा असे टिपण त्याच्याही हाती द्यावे.

मूल उठलेच नाही तर काय, हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. हाक मारून, खांदे हलवून ते ओ देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर हृदय थांबले असे धरून चालावे. अधूनमधून माशासारखे तोंड उघडून घेतलेले आचके म्हणजे श्वास नव्हे. नाडी शोधण्यात वेळ दवडू नये. एकास १०८ या क्रमांकावर दूरध्वनी करण्यास सांगावे व स्वतः छाती दाबण्यास आरंभ करावा. मूल सपाट, टणक जमिनीवर असावे. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टाच ठेवून, कोपर न वाकविता, छातीच्या जाडीच्या सुमारे एक-तृतीयांश, म्हणजे मोठ्या मुलात साधारण पाच सेंटिमीटर, खोल दाबावे. दर मिनिटास शंभर ते एकशेवीस दाब द्यावेत. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. लहान मुलास एक हात पुरतो. ज्यांस शिक्षण मिळाले आहे त्यांनी तीस दाबांनंतर तोंडाने दोन श्वास द्यावेत. इतरांनी नुसते दाबत राहावे. दोन मिनिटांनी दमल्यास दुसऱ्याने हात बदलावा, पण मध्ये खंड पडू देऊ नये. बरगडी मोडेल ही भीती अशा वेळी बाळगू नये. हे वाचून येत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांस केंद्राच्या शिक्षण परिषदेत बोलावून प्रत्येक शिक्षकाने पुतळ्यावर एकदा तरी हात बसवावा.

थरथरणाऱ्या हृदयाचा मेळ पुन्हा बसविण्याचे काम विद्युत् धक्का देणारे यंत्र करते. छाती दाबली जात नसेल, तर त्या धक्क्यास होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या विलंबागणिक जगण्याची आशा शेकडा सात ते दहाने घटते. दाबणे चालू असल्यास ही घट मंदावते. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगन येथे डेन्मार्क व फिनलंड यांच्या फुटबॉल सामन्यात ख्रिश्चन एरिक्सन हा खेळाडू, चेंडू पायाशी येत असता, पडला. त्याचे हृदय थांबले होते. मैदानावरच छाती दाबण्यास सुरुवात झाली, एक विद्युत् धक्का दिला गेला, आणि तो शुद्धीवर आला. पुढे छातीत एक लहान यंत्र बसवून घेऊन २०२२ मध्ये तो पुन्हा खेळू लागला. आपल्या मैदानावर तशी सामग्री नसते, हे मान्यच आहे. परंतु तालुक्यात असे यंत्र कोठे आहे, ते स्पर्धेच्या दिवशी मैदानावर मागविता येईल काय, रुग्णवाहिकेस आत येण्यास वाट मोकळी आहे काय, हे स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात विचारता येते. मंडपवाल्याशी बोलणी करण्याइतकेच ते सोपे आहे.

तपासणी होईपर्यंत त्या मुलास धावणे, पोहणे, खो-खो, कबड्डी यांपासून पूर्णपणे दूर ठेवावे. विहिरीवर एकटे जाऊ देऊ नये. मैदानापासून मात्र तोडू नये. गुणलेखन, वेळ मोजणे, निशाण दाखविणे ही कामे त्यास द्यावीत. डॉक्टरांनी 'खेळू द्या' असे लेखी दिले, तर आपल्या मनातील धास्तीने त्यास बाकावर बसवून ठेवणे हाही अन्यायच होय. या विकारांपैकी काहींवर रोज घ्यावयाच्या गोळ्यांनी चांगला ताबा राहतो, आणि कोणते श्रम चालतील, कोणते नाहीत, हे डॉक्टर सांगतात. गोळ्या चुकत नाहीत ना, याची चौकशी शिक्षकाने आईबापांकडे वरचेवर करावी.

एक गोष्ट बहुधा राहून जाते. वर सांगितलेल्या आनुवंशिक विकारांपैकी पुष्कळांत आई किंवा बाप यांपैकी एकास दोष असल्यास प्रत्येक अपत्यास तो येण्याचा संभव निम्मा असतो. मोठ्या मुलाचा विकार निश्चित झाला, की तिसरीत बसलेली त्याची बहीण आणि अंगणवाडीत जाणारा धाकटा भाऊ यांची नावे त्याच टिपणाखाली लिहून तीही डॉक्टरांकडे पाठवावीत. त्यांस अद्याप एकदाही भोवळ आलेली नसली तरी.